मॉरिशस : उसाच्या बेटावरच्या बाया

‘देशोदेशी’मध्ये आज आपण मॉरिशसला जाणार आहोत. नाव ऐकल्याबरोबर तुमच्यातल्या काहीजणी हसल्या असतील. मॉरिशस म्हटलं की निळं पाणी, पांढरी वाळू आणि लग्नानंतर फिरायला गेलेलं जोडपं, हेच चित्र आपल्याला ठाऊक आहे. ते पाणी खरोखरच तसं आहे. पण मला आज तुम्हाला किनाऱ्याच्या आतल्या बाजूला न्यायचं आहे, जिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस लागतो. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो देश तिथूनच नीट कळेल.

आधी तो आहे कुठे ते बघू. मुंबईहून नैऋत्येला समुद्रावरून साडेचार हजार किलोमीटरहून जास्त गेलं, की आफ्रिकेच्या जवळ मादागास्कर नावाचं मोठं बेट येतं. त्याच्या पूर्वेला आठ-नऊशे किलोमीटरवर मॉरिशस. मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या गोव्याच्या निम्मं. सोबत रॉड्रिग्ज नावाचं आणखी लहान बेट आणि काही ठिपके. माणसं सगळी मिळून साडेबारा लाखांच्या आसपास. आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजले की तिथे नऊ वाजतात. ऋतू मात्र उलटे. आपण शेकोटी पेटवतो त्या दिवसांत तिथे उन्हाळा आणि वादळांचा मोसम. १९६० साली दोन महिन्यांत दोन चक्रीवादळं आली, त्यातल्या ‘कॅरोल’ने हजारो घरं भुईसपाट केली. तेव्हापासून तिथली माणसं पत्र्याकडून सिमेंटच्या स्लॅबकडे वळली.

जमीन ज्वालामुखीतून निघालेली. जिथे तिथे काळे दगड. ते शेतातून वेचून काढल्याशिवाय नांगर चालत नाही. आजही उसाच्या फडांमध्ये त्या दगडांचे मोठाले ढीग उभे दिसतात. ते कोणी वेचले, ती पुढची गोष्ट.

मॉरिशसला मूळचे रहिवासीच नाहीत. तिथे आधी कोणी माणूस राहतच नव्हता. जे आहेत ते सगळे बाहेरून आलेले. काही आपण होऊन आले, बरेचसे आणले गेले. अरब खलाशांना बेट ठाऊक होतं, पोर्तुगीज येऊन गेले. १५९८ मध्ये डच आले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राच्या, मॉरिसच्या, नावावरून बेटाला नाव दिलं. ऊस त्यांनीच जावाहून आणला. तिथे डोडो नावाचा, उडता न येणारा मोठा पक्षी होता. डच आणि त्यांच्याबरोबर आलेली डुकरं, उंदीर, माकडं यांनी शंभर वर्षांच्या आत त्याचा निकाल लावला. १७१० मध्ये डच बेट सोडून गेले. मग फ्रेंच आले. त्यांनी पोर्ट लुई हे बंदर बांधलं, तीच आजची राजधानी. आणि त्यांनी मादागास्कर व आफ्रिकेतून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण भाषा, धर्म, कायदा फ्रेंचांचाच राहू दिला. हा फ्रेंच कायदा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

१८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली. साठ हजारांहून जास्त माणसं मोकळी झाली. आता भरपाई कोणाला मिळाली असेल? मालकांना. त्यांचं ‘नुकसान’ झालं म्हणून. गुलामांच्या हातावर काही नाही, उलट आणखी काही वर्षं त्याच मळ्यावर ‘उमेदवारी’ करायची सक्ती. सुटल्याबरोबर बहुतेकांनी उसाकडे पाठ फिरवली ती कायमची. मळेवाल्यांना हात हवे होते. ते त्यांनी हिंदुस्थानातून आणले.

२ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. तिथून पुढे पाऊणशे वर्षं ही जहाजं येत राहिली. साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशची सगळ्यात जास्त, मद्रासेकडून तमिळ आणि तेलुगू, आणि मुंबई बंदरातून आपली मराठी, विशेषतः रत्नागिरीकडची आणि घाटमाथ्याची. करार पाच वर्षांचा. पुरुषाला महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल. अंगठा उठवायचा आणि जहाजात बसायचं. पाच-सहा आठवडे समुद्र. कराराला इंग्रजीत ‘अ‍ॅग्रीमेंट’ म्हणतात. त्याचं आपल्या लोकांनी ‘गिरमिट’ केलं आणि ही माणसं झाली गिरमिटिया.

ज्यांच्या घरी कोयता आहे त्यांना उचल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आधी पैसे अंगावर, मग काम फिटेपर्यंत सुटका नाही. गिरमिट त्याच जातीचं होतं, फक्त परत यायला मध्ये समुद्र होता. तिथे ‘दुहेरी काट’ नावाचा नियम होता. एक दिवस कामावर आलं नाही, आजारी असलं तरी, की दोन दिवसांची मजुरी कापायची. महिन्यात आठ-दहा दिवस ताप आला की हिशेबात मजूरच मालकाचं देणं लागायचा. मळ्याबाहेर जायचं तर पास लागे. पुढे पासवर फोटो आला. पास नसला की पोलीस धरून नेत. १८७१ मध्ये या सगळ्याविरुद्ध ९,४०१ मजुरांनी एका अर्जावर सह्या-अंगठे केले. अर्ज लिहून द्यायला आदोल्फ द प्लेवित्झ नावाचा एक गोरा मळेवालाच पुढे आला. मळेवाल्यांनी त्याला भर रस्त्यात मारलं. पण लंडनहून चौकशी आयोग आला आणि काही कायदे बदलले.

बाया सुरुवातीला फार थोड्या गेल्या. मळेवाल्यांना संसार नको होते, हात हवे होते. नंतर सरकारनेच पुरुषांच्या प्रमाणात बायका न्यायचा नियम केला. कोण गेल्या त्या? कोणी नवऱ्याबरोबर, कोणी विधवा, कोणी घरातून निघालेल्या. त्यांची नावं आजही आहेत. जहाजातून उतरलं की पोर्ट लुईच्या धक्क्यावर सोळा दगडी पायऱ्या चढाव्या लागत. वर कारकून बसलेला. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, परगणा, अंगावरची खूण. त्या धक्क्याला आज ‘आप्रवासी घाट’ म्हणतात आणि २००६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. त्या नोंदवह्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या आहेत. तिथली माणसं आपल्या खापरपणजीचं गाव शोधायला तिथे जातात. अडचण अशी की इंग्रज कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं. आपल्या एखाद्या वाडीचं नाव त्याने काय लिहून ठेवलं असेल, विचार करा.

मराठी माणसं आज तिथल्या लोकसंख्येत दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. त्यांची आडनावं आपल्यासारखी नाहीत. वहीत आडनावाच्या रकान्यात आलेल्या माणसाचं किंवा त्याच्या बापाचं नाव पडलं आणि तेच पुढे चालू राहिलं. म्हणून तिथे ‘भिवाजी’ हे आडनाव असतं, ‘सखाराम’ हेही. घरात बोलायला बहुतेकांना क्रेओल लागते. ही गुलामांनी आणि मालकांनी मिळून घडलेली, फ्रेंचमधून निघालेली बोली सगळ्या देशाची बोली आहे. मराठी शाळेत विषय म्हणून शिकतात. पण गणपती आहे. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. पावसाळ्यातल्या आपल्या जाखडीची बहीण म्हणावी अशी ‘झाकरी’ तिथे नाचतात. आणि दुपारी रस्त्यावर ‘धोल पुरी’ मिळते. डाळ भरलेली, पातळ, आपल्या पुरणपोळीसारखी पण तिखट चटणी-रश्श्याबरोबर खायची. ती बिहारची, पण आता सगळ्यांची.

करार संपल्यावर एक लाखाहून जास्त माणसं परत गेली, बाकीची राहिली. १८८० च्या सुमारास साखरेचा भाव पडला तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या पडीक जमिनी तुकडे करून विकायला काढल्या. गिरमिटियांनी त्या घेतल्या. दगड वेचले, ऊस लावला, एखादी गाय बांधली. लहान शेतकरी तिथून उभा राहिला. पण मत नव्हतं. मत फक्त पैसेवाल्या आणि शिकलेल्या पुरुषांना.

१९०१ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून येताना जहाज थांबलं म्हणून तिथे तीनेक आठवडे राहिले. मुलांना शिकवा आणि राजकारणात पडा, एवढंच त्यांनी सांगितलं. पडायला वेळ लागला. २७ सप्टेंबर १९४३ ला बेल व्ह्यू आरेल या मळ्यावर मजुरीसाठी संप चालू असताना पोलिसांनी गोळी घातली. चौघं मेली. त्यांतली एक अंजली कुपेन, ऊस मळ्यातली मजूर, बत्तीस वर्षांची, पोटुशी. आज तिच्या नावाचं मोठं स्टेडियम तिथे आहे.

पुढच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट मला फार आवडते. १९४७ च्या नव्या राज्यघटनेत ठरलं, की ज्याला किंवा जिला साधं लिहिता-वाचता येतं त्यांना मत. भाषा कुठलीही चालेल, हिंदी, तमिळ, काहीही. बासदेव बिसुनदयाल नावाचे शिक्षक आणि त्यांचे शेकडो स्वयंसेवक गावोगाव फिरले. दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसांना, बायकांना, रात्री कंदिलाखाली बसवून नाव लिहायला शिकवलं. मतदार आधी बारा हजारांच्या आत होते, १९४८ मध्ये ते सत्तर हजारांपुढे गेले. त्याच निवडणुकीत पहिली बाई, एमिलिएन रोशकुस्त, निवडून आली. आणखी दहा वर्षांनी सगळ्या प्रौढांना मत मिळालं.

१२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान. सगळे आनंदात होते असं समजू नका. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत चव्वेचाळीस टक्के लोकांनी स्वातंत्र्य नको असलेल्या पक्षाला मत दिलं होतं. हिंदूंचं राज्य येईल ही भीती. जानेवारीत राजधानीत दंगे झाले, इंग्रज सैनिक बोलवावे लागले. म्हणून राज्यघटनेत एक वेगळी सोय ठेवली. संसदेत बासष्ट जण मतांनी निवडून येतात आणि ज्या समाजाला जागा कमी पडल्या त्यांच्यातल्या हरलेल्या पण जास्त मतं घेतलेल्या उमेदवारांना आठपर्यंत जागा देतात. याला तिथे ‘बेस्ट लूझर’ म्हणतात. सोय चांगली वाटते, पण त्यासाठी उमेदवाराला आपला समाज कोणता ते लिहून द्यावं लागायचं आणि हिशेब धरायचा तो १९७२ च्या जनगणनेचा. त्यावर तिथे वर्षानुवर्षं भांडण आहे. १९९२ पासून देश प्रजासत्ताक आहे. राष्ट्रपती असतात, पण कारभार पंतप्रधानांचा, आपल्यासारखाच. २०१५ मध्ये अमीना गरीब-फाकिम या शास्त्रज्ञ बाई पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या आणि २०१८ मध्ये एका संस्थेच्या क्रेडिट कार्डाच्या वादात त्यांना पद सोडावं लागलं. स्थानिक निवडणुकीत एक तृतीयांश उमेदवारी बायकांना द्यावी लागते, संसदेला तसं बंधन नाही.

आता पैशाची गोष्ट, आणि इथे बाया मधोमध येतात.

स्वातंत्र्याच्या आधी जेम्स मीड नावाच्या मोठ्या अर्थतज्ज्ञांनी या देशाचं भविष्य बघितलं. नुसती साखर, हिवताप गेल्यामुळे भराभर वाढणारी माणसं, वेगवेगळे समाज. त्यांना ते भविष्य काळंच दिसलं. पुढे मीडना नोबेल मिळालं, पण मॉरिशसबाबत त्यांचा अंदाज चुकला. का चुकला? दोन गोष्टी झाल्या. पहिली, बायकांनी मुलं कमी केली. १९६० च्या सुमारास एका बाईला सरासरी सहा मुलं होत. सरकारने, कुटुंब नियोजनवाल्यांनी आणि कॅथलिक चर्चनेसुद्धा, प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने, गावोगाव दवाखाने आणि सल्ला पोचवला. सक्ती न करता दहा-बारा वर्षांत आकडा निम्म्याजवळ आला.

दुसरी, १९७० मध्ये निर्यातीच्या कारखान्यांसाठी कर माफ करणारा कायदा झाला. हाँगकाँगचे आणि तिथलेच साखरवाले पैसे घेऊन आले. कपडे शिवायचे, स्वेटर विणायचे. उन्हाळी देश, पण लोकरीच्या स्वेटरच्या मोठ्या निर्यातदारांत जाऊन बसला. मशीनवर कोण? मुली आणि बाया. कारण उघड होतं, बायकांची किमान मजुरी कायद्यानेच पुरुषांपेक्षा कमी होती. शिवाय त्या तोंड वर करून बोलणार नाहीत असं मालकांना वाटे. जास्तीचे तास, शिफ्ट, घरी आल्यावर चूल. नव्वदच्या आसपास या कारखान्यांत नव्वद हजार माणसं होती, त्यात बाया जास्त. गिरमिटियाच्या नातीच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं पाकीट आलं.

आणि तो फ्रेंच कायदा आठवतो ना? त्या कायद्यात लग्न झालेली बाई अज्ञान मुलासारखी. नवऱ्याच्या परवानगीशिवाय तिला व्यवहार करता येत नसे. महिनाभर शिवणाऱ्या बाईला स्वतःचे पैसे ठेवायलाही त्याची मर्जी. १९८१ च्या सुमारास तो बदलला. त्याच वेळी आणखी एक लढा झाला. १९७७ मध्ये नियम आला होता, की मॉरिशसच्या पुरुषाने परदेशी बायको केली तर ती देशात राहू शकते, पण बाईने परदेशी नवरा केला तर त्याने परवानगी मागायची, आणि ती नाकारता येईल. वीस बायका थेट संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेल्या. त्यांच्यात शिरीन औमीरुद्दी-झिफ्रा या वकील आणि राजकारणी बाई होत्या. एप्रिल १९८१ मध्ये समितीने सांगितलं, हा भेदभाव आहे. १९८३ मध्ये सरकारने कायदा दुरुस्त केला. जगभरातल्या वकिलीच्या पुस्तकांत हा खटला आहे.

पुढे साखरेला युरोपने दिलेला बांधील भाव २००६ नंतर छत्तीस टक्क्यांनी खाली आला, कपड्यांचा कोटा २००५ मध्ये संपला, कारखाने मादागास्करला गेले. पन्नाशीतल्या शिवणकामवाल्या घरी बसल्या. आता राहिलेल्या मशीनवर बांगलादेशची, भारताची माणसं करारावर येतात. देश पर्यटनावर, बँकांवर आणि परदेशी कंपन्यांच्या कागदोपत्री पत्त्यांवर चालतो. आपल्या शेअर बाजारात पैसा ‘मॉरिशस मार्गे’ येतो हे बातम्यांत ऐकलं असेल. कर वाचवायची ती वाट भारताने २०१६ मध्ये बरीच अरुंद केली. आणि खायचं म्हणाल तर तांदूळ, गहू, डाळ सगळं बाहेरून. उसाच्या बेटावर भाकरी पिकत नाही.

समुद्राचंही सांगते. जुलै २०२० मध्ये ‘वाकाशियो’ नावाचं जपानी मालकाचं जहाज आग्नेय किनाऱ्याच्या प्रवाळावर चढलं. ऑगस्टमध्ये फुटलं आणि हजारेक टन तेल पाण्यात गेलं. सरकारची वाट न बघता लोक जमले. उसाचं पाचट कापडी पिशव्यांत भरून लांबच लांब दोऱ्या शिवल्या आणि तेल अडवलं. केस तेल धरतात म्हणून बायकांनी, पुरुषांनीही केस कापून दिले.

आणखी एक जखम आहे, चागोस बेटांची. स्वातंत्र्य देण्याआधी, १९६५ मध्ये, इंग्रजांनी ही बेटं मॉरिशसपासून तोडून घेतली. अमेरिकेचा लष्करी तळ करायचा म्हणून १९७३ पर्यंत तिथल्या दीड-दोन हजार माणसांना घरदार सोडून जहाजात घातलं, त्यांची कुत्री मारून टाकली. पोर्ट लुईच्या झोपड्यांत येऊन पडलेल्या त्या लोकांसाठी शार्लेशिया अलेक्सी, लिझेट तालात अशा बाया उपोषणाला बसल्या, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेल्या. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की ती तोडणी बेकायदा होती. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशसने बेटं परत करायच्या करारावर सह्या केल्या, तळ मात्र नव्व्याण्णव वर्षांच्या भाड्याने राहणार. तोवर अलेक्सी आणि तालात दोघी वारल्या होत्या.

शेवटी एक, कारण मागच्या भागानंतर पेन्शनबद्दल विचारणा झाली होती. मॉरिशसमध्ये २०२५ पर्यंत साठी ओलांडली की प्रत्येकाला सरकारी पेन्शन मिळायचं. नोकरी केली नसली तरी, जन्मभर घर आणि गुरं सांभाळली तरी. दारिद्र्यरेषेचा दाखला नाही, मुलगा कमावतो का हा प्रश्न नाही. हे १९५८ मध्ये सुरू झालं. पण आता तिथे एका बाईला सरासरी दीड मूलही होत नाही, म्हातारे वाढले, कमावते कमी झाले. जून २०२५ च्या अंदाजपत्रकात सरकारने सांगितलं की पेन्शनचं वय टप्प्याटप्प्याने साठवरून पासष्टवर नेणार. लोक रस्त्यावर उतरले. साठीला टेकलेल्या कारखान्यातल्या बाया, ज्यांनी वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी स्वेटर विणायला सुरुवात केली होती, त्या विचारतायत की आमची पाच वर्षं कशात धरणार.

पुढच्या बुधवारी याच वेळी भेटू. नकाशा काढून ठेवा, मादागास्करला जायचं आहे.